दोन घरांचे सर

कुणाच्याही घरी गेलं की सर आधी भिंतीवर टकटक करायचे. समोरच्यानं बसा म्हणायच्या आत. मधल्या बोटाच्या पेरानं दोन-तीन ठिकाणी वाजवून बघायचे, कान जवळ न्यायचे आणि मग खुर्चीवर बसायचे. आमच्या मुख्याध्यापकांच्या आई गेल्या तेव्हा आम्ही सगळे शिक्षक भेटायला गेलो होतो. खोलीत कुणी बोलत नव्हतं. तेवढ्या शांततेत सरांनी मागच्या भिंतीवर टकटक केलं आणि शेजारी बसलेल्या मला हळूच म्हणाले, "चार इंची आहे. पलीकडचं सगळं ऐकू येत असणार ओ, बाई." मुख्याध्यापकांनी मान वर करून बघितलं. मग सरांनी मान खाली घातली.

आम्ही एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायची, ते गणित. आवाज इतका बारीक की मागच्या बाकावरची पोरं पुढं सरकून दाटीवाटीनं बसायची. तासाला गोंगाट वाढला तर छडी नाही, ओरडणं नाही. नुसतं "साकु" म्हणायचे. घरात त्यांच्या आईची भाषा कानडी, त्यातला हा 'पुरे' एवढाच शब्द शाळेत यायचा. आणि तो ते अशा थकलेल्या आवाजात म्हणायचे की पोरांना आपणच काहीतरी करून म्हाताऱ्या माणसाला दमवलं असं वाटायचं. तेव्हा सर चाळिशीतही नव्हते.

राहायला भवानी पेठेत, दोन खोल्यांत, भाड्यानं. जन्म तिथलाच. शेजारच्या खोलीत एका तेलुगू कुटुंबाचा माग होता. तो चालू झाला की मधली भिंत थरथरायची आणि फळीवरची भांडी सरकत सरकत कडेला यायची. सरांची आई दिवसातून दोनदा ती मागं ढकलून ठेवायची. त्या आवाजाचं सरांना काही वाटत नव्हतं. त्यांना वाटायचं ते माग बंद झाल्यावरचं. माग बंद झाला की इकडचा शब्द तिकडं जायचा. थोरल्या बहिणीला बघायला आलेले लोक नाही म्हणून गेले, ते त्यांच्या वडिलांनी आईला सांगायच्या आधी शेजारच्या बाईंनी पलीकडून हळहळ केली. "आमच्या घरात भांडण सुद्धा कुजबुजत व्हायचं," सर एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले. "वडील चिडले की त्यांचा आवाज अजून बारीक व्हायचा. मला तर हसायला पण भीती वाटायची. म्हणून म्हणतो, घर कसलंही असू दे, भिंत आपली पाहिजे. दोन्ही बाजूनं आपली."

हे वाक्य आम्ही नंतर इतक्या वेळा ऐकलं की ते 'भिंत' म्हणाले की आम्ही चहाचे कप उचलायला लागायचो.

दुसरं त्यांचं वेड पाण्याचं. शाळेला येता-जाता कुणाचं बांधकाम दिसलं की सायकल, पुढं स्कूटर, आपोआप थांबायची. आत जाऊन खोल्यांतून फिरायचे. आणि नवी भिंत कोरडी दिसली, मालकानं पाणी मारलेलं नाही असं वाटलं, की तिथला पाइप घेऊन स्वतःच मारत बसायचे. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं. तिथं परक्या माणसाच्या भिंतीला पाणी मारणारा दुसरा कुणी मी बघितला नाही. पहिल्या तासाला येताना पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली असायची. पोरं विचारायची, सर, पाऊस लागला काय? सर खडू घ्यायचे आणि फळ्याकडं वळायचे.

विजापूर रोडच्या आतल्या बाजूला एका बिल्डरनं रो हाऊसची स्कीम काढली तेव्हा शाळेतल्या निम्म्या लोकांनी बुकिंग केलं. सगळी घरं एकसारखी. खाली हॉल, स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, पुढं एक स्कूटर आणि एक तुळस मावेल एवढी जागा. आम्हीही घेतलं. फार विचार केला नाही. आमचे हे म्हणाले, सगळे घेतायत तर आपणही घेऊ, मला आता घरं बघून कंटाळा आलाय. मलाही आला होता. लोकांना घर आवडून घेतलेलं मी क्वचित बघितलंय. बहुतेक जण दमल्यावर घेतात.

सरांनी आमच्या शेजारचं धरलं होतं. एका रविवारी आम्ही चौघं नमुन्याचं घर बघायला गेलो. सरांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. त्या मंगळवेढ्याकडच्या, काळ्या रानातल्या एका वस्तीवरच्या. लग्न होऊन भवानी पेठेत आल्या त्या शिवणयंत्र घेऊनच, आणि सगळ्या आळीचे ब्लाऊज त्याच शिवायच्या. बोलणं कमी. त्या दिवशी त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि खिडकीशी उभ्या राहिल्या. समोरच्या घरात कुणीतरी आधीच राहायला आलं होतं. एक बाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. तिनं वहिनींकडं बघून विचारलं, "तुम्ही घेताय का हे?" वहिनी हसल्या. मला म्हणाल्या, "हितं बरंय की, बाई. हाक मारली तर कुणीतरी व्हय म्हणंल."

तेवढ्यात हॉलमधून टकटक ऐकू आली. मग जरा वेळ शांतता. मग पुन्हा टकटक. सर आत आले ते उतरल्या चेहऱ्यानं.

"भिंत सामायिक आहे," ते म्हणाले.

"रो हाऊस आहे सर," आमचे हे म्हणाले. "सामायिकच असणार."

"ते खरं. पण मला वाटलं होतं, मध्ये थोडी फट तरी सोडतील."

वहिनी खिडकीशीच होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात सरांनी बुकिंग रद्द केलं. ते घर मग पुण्याच्या एका माणसानं घेतलं आणि तो कधी राहायलाच आला नाही.

सरांनी घेतली ती जमीन. मंगळवेढ्याच्या रस्त्याला, शहर मागं पडून बराच वेळ झाल्यावर डाव्या हाताला एक माळ लागतो, तिथं दोन एकर. कडेला एक कडुलिंब, मधून बैलगाडीची वाट, बाकी कुसळं. पावसाळा संपला की मेंढरं घेऊन फिरणारं एक धनगर कुटुंब तिथं येऊन थांबायचं. सरांनी त्यांना उठवलं नाही. उलट त्यांनाच विचारलं, वारा कुठून येतो, पाणी कुठं साठतं, साप कुठं निघतो. म्हातारी धनगरीण म्हणाली, "मास्तर, साप काय सांगून निगतंय व्हय."

आणि मग घर सुरू झालं. म्हणजे जमिनीवर सुरू झालं. खेळांच्या वेळी मैदानावर ज्या पांढऱ्या फक्कीनं रेघा मारतात, तिचं पोतं सरांनी विकत घेतलं आणि माळावर घर आखलं. खरोखरीच्या मापाचं. हॉल, देवघर, मुलीची खोली, व्हरांडा. भिंतीसाठी दोन समांतर रेघा, दारासाठी मोकळी जागा. पंधरा दिवसांनी ते त्यांना पटायचं नाही. मग खराट्यानं पुसून पुन्हा आखायचे. कधी स्वयंपाकघर पूर्वेला, कधी लिंबाच्या सावलीत. वाऱ्यानं पुसलं तर त्यातही त्यांना काहीतरी दिसायचं; म्हणायचे, ही भिंत त्याला मान्य नाही.

एका थंडीत त्यांनी सगळ्या स्टाफला हुरड्याला बोलावलं. आम्ही टेम्पोतून उतरलो आणि रिकाम्या माळावर सतरंजी दिसली तिकडं निघालो. सर हात पसरून आडवे आले.

"दारातून या की ओ."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मग मुख्याध्यापकांपासून शिपायांपर्यंत सगळे रांगेनं त्या मोकळ्या जागेतून आत गेलो. पी. टी.चे सर चप्पल काढू का म्हणाले, तर सर म्हणाले, व्हरांड्यात काढा. सतरंजी हॉलमध्ये होती. वहिनी स्वयंपाकघरात, म्हणजे तीन दगडांच्या चुलीशी. हुरडा, शेंगांची चटणी, गूळ, दही. वाढायला त्या आल्या की सर त्यांच्या पायांकडं बघायचे. दोन-तीनदा त्या दारानं फिरून आल्या. मग त्यांनी सरळ पातेलं घेऊन भिंत ओलांडली आणि कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "भिंतीतनं आलंय, पर गरम हाय. घ्या."

सगळे हसले. सरही हसले. पण जेवण झाल्यावर वहिनी बांधावर एकट्याच जाऊन उभ्या राहिल्या होत्या, लांब रस्त्याकडं तोंड करून. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "हितनं सगळ्यात जवळचं घर कुठलं ओ?" मी बघितलं. घर दिसत नव्हतं. एक पत्र्याची शेड होती, तीही बंद. मी तसं सांगितलं. त्या "व्हय" म्हणाल्या आणि भांडी गोळा करायला लागल्या.

जोतं झालं त्याला बरीच वर्षं लागली. बोअर मारली, ती कोरडी गेली. दुसरीला पाणी लागलं ते उन्हाळ्यात आटलं. भिंती वर यायला लागल्यावर सर शाळा सुटली की तिकडं जायचे आणि कालचं काम बघून म्हणायचे, हे दार एक हात सरकवू या. सरकवलं. पुढच्या महिन्यात परत होतं तिथं आणलं. गवंडी चांगला माणूस होता, त्यानं खूप सोसलं. शेवटी थापी घमेल्यात टाकून म्हणाला, "सर, ही पाटी न्हाय पुसायला. विटा हैत." त्याच्यानंतर दुसरा आला, दुसऱ्यानंतर काम थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. मुलीचं लग्न होऊन ती हैदराबादला गेली. तिची खोली घरात तशीच राहिली. सर प्रत्येकाला विचारायचे. स्टाफरूममध्ये, बसस्टॉपवर, नव्या पेठेत कापडाच्या दुकानात थान उलगडणाऱ्या माणसाला सुद्धा: "तुमी काय केलं असतं? तयार घर घेतलं असतं की आपलं बांधलं असतं?" लोक काहीतरी उत्तर द्यायचे. सर ते नीट ऐकून घ्यायचे आणि मग दुसऱ्याला विचारायचे.

मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, दोन्ही घरांत माणसं राहतातच की. थोडं टोचतं, मग सवय होते."

"सवय होते, त्याचीच भीती वाटते, बाई," ते म्हणाले. "भवानी पेठेची पण झालीच की."

सर निवृत्त झाले आणि त्याच सुमारास खोल्यांच्या मालकानं इमारत पाडायची ठरवली. आता निघणं भाग होतं. माळावरच्या घराचा स्लॅब टाकून झाला होता, आतून गिलावा झाला होता, बाहेरून नव्हता. खिडक्यांना गज होते, तावदानं नव्हती. सर म्हणाले, राहायला लागलं की होतंय सगळं.

सामान हलवायच्या दिवशी मी सकाळीच भवानी पेठेत गेले, कारण माझ्याकडं एक चावी होती. आमच्या शेजारच्या, पुण्याच्या माणसाच्या बंद घराची. वहिनींनी महिन्याभरापूर्वीच त्याला फोन करून ते भाड्यानं घेतलं होतं. शिवणाच्या स्वतःच्या कमाईवर. मला एवढंच म्हणाल्या होत्या, "त्यास्नी मी सांगते. तुमी चावी तेवढी आणा."

टेम्पो भरला. सर ड्रायव्हरला मंगळवेढा रोडचा रस्ता समजावून सांगत होते. वहिनी पुढं आल्या. पदर खोचलेला, हातात शिवणयंत्राची पेटी.

"आदी विजापूर रोडला घ्या," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. मग सरांकडं बघून म्हणाल्या, "कॉट, तुमची पुस्तकं, गॅसची बारकी शेगडी वर ठिवलीय, ती तिकडं जाईल. बाकीचं हितनं बाईंच्या शेजारी उतरवायचं. मी तितं राहणार हाय."

भोवती आळीतली माणसं उभी होती. सरांचा चेहरा पडला होता आणि ते काही बोलले असते तर इतक्या बारीक आवाजात बोलले असते की वहिनींना सुद्धा ऐकू गेलं नसतं. त्यांनी दोरी ओढून बघितली, घट्ट आहे का. मग स्कूटर सुरू केली आणि टेम्पोच्या मागून विजापूर रोडला आले. सामान उतरवू लागले. शिवणयंत्र कुठं ठेवायचं ते विचारलं, खिडकीशी उजेडाला लावून दिलं. चहा घेतला. आणि टेम्पोबरोबर आपल्या घरी गेले.

असं ते दोघं चार-एक वर्षं राहिले. रोज संध्याकाळी सात-साडेसातला स्कूटरचा आवाज यायचा. पिशवीतून काहीतरी आणलेलं असायचं, तुरीच्या शेंगा, लिंबं, कधी नुसती कडुलिंबाची काटकी दातांना. जेवायचे, आपलं ताट धुवायचे, पायरीवर बसायचे. वहिनी शिवत शिवत आतून बोलायच्या, ते बाहेरून. मुलीचं, नातवाचं, पाण्याच्या दिवसाचं, माझ्या गुडघ्याचं, सगळं बोलणं व्हायचं. घराचं तेवढं नाही. मग सकाळसाठी बांधलेली कडक भाकरी घेऊन सर उठायचे. कॉलनीतल्या बायका सुरुवातीला मला खोदून विचारायच्या, भांडण आहे का. वहिनींनीच एकीला सांगितलं, "भांडण कशाला? ते तितं राहत्यात, मी हितं राहते." पुढं लोकांनी विचारणं सोडलं. पुढं तर कुणी नवीन आलं की आमचेच लोक सांगायचे, ते सर ना, ते दोन घरांचे आहेत.

मला मात्र त्या स्कूटरचा जाताना आवाज आला की कसंतरी व्हायचं. आमचे हे तोवर गेले होते. माणसाला माणूस असून दोन्ही घरांत एकेकटंच कुणीतरी झोपतंय, हे मला कधी पटलं नाही. पण दुसऱ्याच्या घरात कोण बोलणार. माझी मुलं पुण्याला. ती मला तिकडं बोलावतात आणि मी उद्या बघू म्हणते.

एका संध्याकाळी स्कूटर आली नाही. आठ वाजले. वहिनींनी फोन लावला, तो वाजत राहिला. त्या माझ्या दारात आल्या त्या चपला घालूनच. आम्ही रिक्षा बघत होतो तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सरांच्या नंबरवरून म्हातारी धनगरीण बोलत होती. "मास्तर पडल्यात जी. बोलत्यात, पर उटाय येईना. माजा ल्योक गाडी बगाय गेलाय."

मागच्या भिंतीचं थोडं काम काढलं होतं. तिला पाणी मारायला सर दुपारी शिडीवर चढले आणि शिडी घसरली. खुब्याचं हाड मोडलं. फोन आत खोलीत. मेंढरं माळावर परत येईपर्यंत ते तिथं उन्हात पडून होते. हाका मारल्या होत्या म्हणे. म्हातारी म्हणाली, "आवाज आला तवा मला वाटलं करडूच हाय एकादं."

म्हातारीच्या लेकानं गाडी करून त्यांना थेट दवाखान्यात आणलं, आम्हीही तिथंच गेलो. ऑपरेशन झालं. दवाखान्यातून कुठं न्यायचं हे कुणी कुणाला विचारलं नाही. वहिनींनी खालच्या हॉलमध्ये, माझ्या बाजूच्या भिंतीला लागून कॉट टाकली. पहिले काही दिवस सर नुसते वर बघत पडलेले असायचे. मी भेटायला गेले की म्हणायचे, "तुमचा मिक्सर सकाळी सहाला लागतो ओ, बाई." मी मिक्सर उशिरा लावू लागले. मग एकदा म्हणाले, "टीव्ही बंद का असतो हल्ली? ती मालिका कुठवर आली ते कळंना झालंय." त्या थंडीत मला खोकला झाला. दुसऱ्या दिवशी वहिनी ज्येष्ठमधाचा काढा घेऊन आल्या. "त्यांनी करायला लावलाय," म्हणाल्या. "रात्रभर तुमचा खोकला मोजत हुते." मी तो काढा पिताना भिंतीकडं बघत होते. मला रडू आलं, कशाचं ते सांगता येणार नाही. फार दिवसांनी कुणाला तरी माझा खोकला ऐकू गेला होता, एवढंच.

सर त्यानंतर दोन वर्षं त्या हॉलमध्ये राहिले आणि तिथंच गेले. माळावरच्या घराला वहिनींनी कुलूप लावलं नाही. पावसाळा संपला की म्हातारीची लेकरं-नातवंडं तिथं येऊन राहतात. आता तिथवर प्लॉटिंग आलंय. लोक वहिनींना विचारायला येतात, त्या नंतर बघू म्हणतात. हे सगळं नंतरचं. मला आठवते ती मधलीच एक दुपार.

वॉकर घेऊन चालता यायला लागल्यावर सर म्हणाले, एकदा तिकडं जाऊन येतो. मला वाटलं वहिनी नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "मी बी येते." जोतं झाल्यापासून त्यांनी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. सरांना धरायला माणूस हवं म्हणून मीही निघाले. रिक्षा ठरवली. रस्ता नवा झाला होता, पण आतली वाट तीच, आणि प्रत्येक दणक्याला सर डोळे मिटायचे.

घरात धूळ होती, चिमण्यांनी काड्या आणल्या होत्या. वहिनी एकेका खोलीतून हळूहळू फिरल्या. देवघर, मुलीची खोली, व्हरांडा. स्वयंपाकघराच्या ओट्यावरून त्यांनी हात फिरवला आणि हाताची धूळ पदराला पुसली. सर हॉलमध्ये कॉटवर बसून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत होते. त्या बाहेर आल्या.

"चांगलं बांधलंय की," वहिनी म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. "हवा लई छान येती."

त्यांना ते वाक्य ऐकायला किती वर्षं लागली होती ते मला ठाऊक होतं, आणि ते ऐकून त्यांना बरं वाटल्यासारखं दिसत नव्हतं.

"मग आली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

वहिनी उंबऱ्यावर बसल्या. बाहेर माळाकडं बघत बोलू लागल्या. आवाज नेहमीसारखाच, शिवताना बोलतात तसा.

"आमची वस्ती अशीच हुती. चौबाजूला रान. मी आट-नऊ वर्षांची आसंन. आई बाळंत झाली आन तिला रक्त जाय लागलं. वडील गावात गेल्याले. पावसानं काळी माती अशी झालेली की गाडी चाक उचलंना. मी बांधावर जाऊन हाका मारल्या. दुसऱ्या वस्तीपातूर पळत गेले, तर तितं समदी बाजारला गेलेली. पुन्ना आले. परत बांधावर जाऊन वराडले. कुणी ओ दिली न्हाय. आत आले तवा बाळ रडत हुतं. आई न्हवती."

रिक्षावाला बाहेर मोबाइलवर काहीतरी बघत होता, त्याचा आवाज येत होता.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," सर म्हणाले.

"तुमी इचारलं कुटं?" वहिनी म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "तुमी इचारलं, स्वयंपाकघर पूर्वेला पायजे का पश्चिमेला. ओटा किती उंच करू. फळ्या किती. मी सांगत गेले. हितं राहशील का, आसं कवा इचारलं?"

सर खाली बघत होते. त्यांचा हात कॉटच्या दांडीवर होता, तो नुसताच पडून होता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण जायला दुसरी जागा नव्हती. सगळ्या खोल्या उघड्या होत्या.

"मग आता," सर म्हणाले. "आता कुठं राहू या आपण?"

सगळ्या सोलापूरला विचारून झालेला प्रश्न होता तो. वहिनींना त्यांनी तो पहिल्यांदाच विचारला.

वहिनींनी त्यांच्याकडं बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, वॉकर उचलला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"आता आज कुटं ठरवायचं," त्या म्हणाल्या. "उटा. रिक्षावाला ताटकळलाय."